हाजी हसनैन पाकीट वाचतात

नाही, तो कागद आधी पिशवीत घाल. मी फाडत नाही, घेतही नाही — नुसता नजरेआड कर, मग बोलू. इथे बस, या खुर्चीवर. मोडायची नाही, आमच्या हाजींनी स्वतः कोरलेली आहे, पाठीला टोचते तेवढंच — गुलाब कोरलेत ना, गुलाब म्हटलं की टोचणारच. चहा ठेवते. साखर किती, दोन चमचे? थांब, मग किल्ली शोधायला हवी. हसू नकोस, आमच्या घरात साखर कुलपात असते आणि दागिने पिठाच्या डब्यात. तर तू साक्षरता कार्यालयातून आलीस, चार जिने चढून आलीस, आणि तुझं म्हणणं असं की परीक्षा होऊन पाच महिने झाले, वर्गातल्या सगळ्या बायका येऊन प्रमाणपत्रं घेऊन गेल्या, फोटो काढून गेल्या, आणि एकटी इन्शिराह तेवढी फिरकली नाही — आजारी आहे की मेली, बघून या म्हणून तुला पाठवलं. मेले नाही. आजारी — थोडा रक्तदाब आहे, ते सोड. मी मुद्दामच आले नाही, पोरी. प्रमाणपत्र घरात आलं की हाजींना कळणार मला वाचता येतं, आणि ते कळून चालायचं नाही. का म्हणजे? अगं, सांगतेच आहे ना. ते कारखान्यातून यायला अजून तासभर आहे. आणि अधेमधे आलेच तर तू रावयाची मैत्रीण — रावया म्हणजे आमची मुलगी, मन्सूरा शहरात दिलीय — आणि मोरीची जाळी बघायला आलीस. मैत्रीण मोरीची जाळी कशाला बघेल? बरं, नुसती मैत्रीण.

हे सगळं सुरू झालं ना, ते पाकिटांपासून. तीन वर्षांपूर्वी हाजींना साखर निघाली. त्याच आठवड्यात मला रक्तदाब निघाला — आमचं लग्नापासून असंच, एकाला काही मिळालं की दुसऱ्याला मागे राहवत नाही. डॉक्टर म्हणाले, घरचं खा, आणि पाकिटातलं, डब्यातलं आणलंच तर आधी उलटं करा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांची चौकट असते. हाजींनी तिथली साखरेची ओळ बघायची, बाईंनी मिठाची. बघा म्हणे. मी कशी बघणार? माझ्या बापाने पाच मुलींत मिळून एक पाटी आणली नाही. हाजी सहावीपर्यंत शिकलेले, वर्तमानपत्र वाचतात, मेलेल्यांच्या जाहिराती तर मोठ्याने वाचतात. तेव्हा ठरलं की घरात येणारी प्रत्येक वस्तू हाजी वाचणार आणि मी ऐकणार. मी बाल्कनीतून टोपली सोडायची, खालचा गिर्गिस वाणी त्यात माल घालायचा, मी ओढून घ्यायची, आणि सूर्यास्ताची नमाज झाली की हाजी टेबलाशी बसायचे. चष्म्याची दोरी मानेत अडकवायची, काचांवरचा लाकडाचा भुसा फुंकायचा, पाकीट खिडकीकडे धरायचं, बोट ओळीवर ठेवायचं — काय थाट सांगू, जसा काही न्यायाधीश निकाल वाचतोय. "वेफर बिस्किटं," ते म्हणायचे, "साखर — साडेचार ग्रॅम." मी विचारायची, साडेचार म्हणजे फार का हो? "अगं, साडेचार म्हणजे काहीच नाही. चिमणीच्या अंगावरसुद्धा तेवढी साखर असते." मग दुसरं पाकीट. "केक, संत्र्याचा. साखर — दोन." मग तिळाच्या हलव्याचा डबा. तो डबा घेतला की त्यांचा आवाजच मऊ व्हायचा. "हलवा. यात काय आहे बघ — तीळ. मग पुन्हा तीळ. आणि शेवटी, थोडे, तीळ."

आता तू शिकलेली, तुला हसू येतंय. मला कुठून यावं? माझा नवरा मला कागदावरचं वाचून दाखवतोय, त्यात खोटं काय असणार? कागदावरचं खोटं बोलता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. मी म्हणायची, देवाची कृपा, कारखानेवाले सुधारले, आजारी माणसांची काळजी घेतात. आणि मी स्वतःच्या हाताने रोज हलव्याची ही एवढी वडी कापून गावरान बलदी रोटीत घालून त्यांच्या डब्यात द्यायची. वर म्हणायची, अजून एक घ्या, दिवसभर लाकूड कोरायचं म्हणजे ताकद हवी.

आणि साखर चढतच राहिली. दर महिन्याला रक्त तपासायचं आणि दर महिन्याला आकडा वर. मी भात बंद केला. बटाटा बंद केला. आंब्याच्या तर मी रस्त्यानेही गेले नाही. स्वतःलाच दोष द्यायची, म्हणायची माझ्याच हाताला काही असेल — माझी सासू म्हणायची, इन्शिराहच्या हाताला गोडवा आहे; म्हटलं तोच बाधला. मग त्यांच्या अंगठ्याला पटाशी लागली. डावा अंगठा, कोरताना लाकडावर टेकवतात तो. एवढीशी जखम. पूर्वी अशा जखमा कॉफीची पूड दाबली की चार दिवसांत भरायच्या. ही भरेना. दोन आठवडे, चार आठवडे, सहा आठवडे — अंगठा असा सुजला, काळा-निळा, वास यायला लागला. पोरी, नक्षी कोरणाऱ्याचा अंगठा गेला तर त्याने करायचं काय? खुर्च्या पुसायच्या?

दवाखान्यात गेलो. बाहेर बसायला जागा नाही एवढी गर्दी, मधलं दार उघडं, आणि डॉक्टर मलाच बोलायला लागले. हाजींना नाही, मला. "बाई, तुम्ही यांना काय घालताय? आकडा बघा. असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल. नवऱ्याचं काही देणंघेणं आहे की नाही?" बाहेरच्या सगळ्या बायका माना वळवून बघायला लागल्या. माझ्या कानात नुसता जाळ. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, देवाशपथ, मी भातसुद्धा देत नाही. तर म्हणाले, "मग ही साखर काय हवेतून येते?" आणि आमचे हाजी — बाजूच्या खुर्चीत बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. पुढच्या महिन्याचं पान उचलून तेही बघितलं. घरी येताना त्यांनी माझी पिशवी हातात घेतली. अडतीस वर्षांत कधी घेतली नव्हती. मला वाटलं, माझी दया आली. मी रस्त्यात रडले आणि वर त्यांनाच म्हटलं, तुम्ही किती चांगले.

चहा घे. गोड झालाय का? मला चव घेता येत नाही, मी आता बिनसाखरेचाच पिते, सोबत म्हणून.

तर त्या दिवशी माझ्या मनाने घेतलं, की जे काय आहे ते त्या चौकटीत आहे. मला समजत नाही असं काहीतरी तिथे लिहिलेलं असणार. हाजींवर संशय नव्हता हं — वाटलं, त्यांचे डोळे कमी पडत असतील, अंगठ्याच्या दुखण्यात एखादी ओळ सुटत असेल. आपण दोघांनी बघितलं तर बरं. पण त्यांना सांगायचं कसं? वीस वर्षांपूर्वी एकदा आमच्या गल्लीत बायकांचा वर्ग निघाला होता. मी विचारलं होतं, जाऊ का. त्यांचे दोन मित्र बसले होते. हाजी म्हणाले, "शिकून काय करणार, कोर्टात उभी राहणार?" ते दोघे हसले. हाजीही हसले. मी आत जाऊन वांगी तळली. विषय संपला. असा विषय पुन्हा कोण काढतं? तेव्हा तुमच्या वर्गात नाव घातलं आणि घरी सांगितलं की करीमानचे — माझ्या धाकट्या बहिणीचे — गुडघे धरलेत, आठवड्यातून तीन दुपारी तिला तेल चोळून द्यायला जाते. नऊ महिने चोळले. हाजी जेवताना विचारायचे, "आज गुडघे काय म्हणतात?" मी सांगायची, आज डावा जरा बरा आहे. करीमान तर रोज बाजारात उड्या मारत फिरायची, तिला मी सांगून ठेवलं, आमच्या गल्लीत शिरलीस की लंगड.

वर्गात शिकवणाऱ्या सफीनाझ बाईंनी पहिल्या दिवशी पुस्तक दिलं. त्यात होतं, बाप, घर, दार. मी म्हटलं, बाई, बाप मेला, घर माहीत आहे, दार उघडता येतं. मला हे शिकवा — आणि पिशवीतून वेफरचं रिकामं पाकीट काढून ठेवलं. बायका हसल्या. बाई नाही हसल्या. त्यांनी पाकीट पालथं केलं आणि फळ्यावर तीन अक्षरं काढली. सीन, काफ, रे. सीनला तीन दात असतात ना, ते मला आधी ओळखू आले. सुक्कर. साखर. पोरी, माझ्या आयुष्यात मी वाचलेला पहिला शब्द अल्लाहचं नाव असायला हवा होता, तर तो साखर निघाला. मग आकडे. आपल्या अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका — माशी बसून गेली तरी शून्य वाढतं. ते शिकायला मला पंधरा दिवस लागले.

आणि मग त्या चौकटीत मी अशी शिरले ना. तुला ठाऊक असेल, पण मला तेव्हा कळलं — सामानाची यादी असते, त्यात जे सगळ्यात जास्त घातलंय ते पहिलं लिहायचं असा नियम आहे. लग्नात मोठ्या आहेरवाल्याचं नाव आधी पुकारतात तसं. पेरूच्या रसाच्या खोक्यावर पुढे पेरू एवढा मोठा की बाळंत होईल असं वाटतं, आणि मागे यादीत पहिलं पाणी, दुसरी साखर, पेरू बिचारा तिसरा — दूरच्या नात्यातला पाहुणा. शिवाय साखर आपल्या नावाने येतेच असं नाही. ग्लुकोजचा पाक म्हणून येते, खजुराचा पाक म्हणून येते, मध म्हणून येते. एकाच चोराची पाच नावं. आणि चौकटीच्या डोक्यावर बारीक लिहिलेलं असतं की खालचे आकडे एवढ्या मालाचे. कुठे शंभर ग्रॅमचे, कुठे दोन बिस्किटांचे. दोन बिस्किटं कोण खातं? दोन बिस्किटं आजारी माणसाला भेटायला आलेला माणूस खातो, तेही लाजून. आमच्या घरात पाकीट फुटलं की बारा.

एक दिवस दुपारी घरी कोणी नव्हतं. मी हलव्याचा डबा घेतला, बाल्कनीत उजेडात बसले आणि बोट ठेवलं. यादीतला पहिला शब्द. तीन दात. सीन. काफ. रे. मी डबा फिरवला, म्हटलं दुसरा डबा असेल. तोच. मग वेफर. साखर, चार आणि पाच — पंचेचाळीस. साडेचार नाही, पंचेचाळीस, शंभर ग्रॅममध्ये. केक, दोन नाही, अठ्ठावीस. मी सगळं कपाट बाहेर काढलं, जमिनीवर मांडलं आणि एकेक वाचत गेले. एकही खरं नाही. दोन वर्षं. सहा आठवड्यांचा अंगठा. दवाखान्यातल्या त्या सगळ्या बायका. आणि ते कॅलेंडर.

काय केलं? काही नाही केलं. आधी वाटलं, कढई घेऊन कारखान्यात जावं. निघालेही, खरंच, कढई हातात होती. दुसऱ्या जिन्यावर थांबले. म्हटलं, जाऊन काय होईल? ते म्हणतील चूक झाली, शपथ घेतील, आणि उद्यापासून कारखान्यातच लपवून खातील. शिवाय विचारतील, तुला कसं कळलं. गुडघे उघडे पडतील. परत वर आले, कढईत कांदा टाकला.

संध्याकाळी ते टेबलाशी बसले तेव्हा मी पुढ्यात तोच डबा ठेवला. म्हटलं, अहो हाजी, हे वाचा ना जरा, मी विसरले. "तीळ," ते म्हणाले. म्हटलं, नीट बघा. त्यांनी नीट बघितलं. बोट होतं बरोबर सुक्कर या शब्दावर, मला दिसत होतं. "तीळ," ते म्हणाले, "मोठे तीळ." अगं, मला एवढं हसू दाटलं की मी उठून नळ सोडला. त्यानंतर मला चटकच लागली. रोज एक वस्तू द्यायची. काल दिलेली आज पुन्हा द्यायची. काल साडेचार म्हणालात, आज तीन कसे? "काल चष्मा पुसला नव्हता." एकदा मी कपड्यांच्या खळीचं पाकीट दिलं, भोळा चेहरा करून. त्यांनी वाचलं, "साखर अजिबात नाही." पहिल्यांदाच खरं बोलले.

पण खेळ तिथे ठेवून चालणार नव्हतं, अंगठा होता. मी गिर्गिसला विश्वासात घेतलं, हाजींनी स्वतः मागितलं तरी गोड द्यायचं नाही. त्याचा हलव्याचा डबा आला की मी तो रिकामा करायची — कुठे म्हणजे, करीमानकडे पाठवायची, गुडघ्यांचं भाडं — आणि भाजलेले चणे कुटून, तिळाच्या ताहिनात मळून, चिमूट दालचिनी घालून त्याच डब्यात ठासून भरायची. वरून सुरी फिरवून गुळगुळीत. वेफरचं पाकीट शिवणीवर उसवायचं, आत कोंड्याची बिस्किटं घालायची आणि वरून इस्त्री फिरवायची. कारखान्यात काय बंद करतील असं बंद व्हायचं. पहिल्या दिवशी हाजींनी हलव्याचा घास घेतला. चघळला. थांबले. पुन्हा चघळला. "आज हलवा कसा लागतोय?" म्हटलं, कसा लागतोय? "कोरडा. घोड्याच्या तोबऱ्यासारखा." मी म्हटलं, असं कसं, तुम्हीच तर वाचलंत — तीळ, पुन्हा तीळ, आणि शेवटी तीळ. साखर नसलेलं असंच लागायचं हाजी, इतके दिवस तुम्हाला गोड लागत होतं तेच नवल. आता बोला. बोलले तर स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागेल. त्यांनी गिळलं. पाणी प्यायले. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अजून एक वडी दे."

तीन महिन्यांत आकडा उतरला. अंगठा भरला — व्रण आहे, पण हलतो, टेकतो, सगळं करतो. दवाखान्यात डॉक्टर उठून उभे राहिले, हाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शाबास, हे कसं जमवलंत?" आणि आमचे हाजी, मान ताठ करून — "डॉक्टरसाहेब, मी घरात येणारं प्रत्येक पाकीट वाचतो." मी शेजारी बसले होते. मी म्हटलं, हो, फार छान वाचतात.

आता तू म्हणशील, बाई, अंगठा बरा झाला, आकडा उतरला, आता सांगून टाका, प्रमाणपत्र घ्या, भिंतीला लावा. तेच म्हणत होतीस ना? मीही तसंच ठरवलं होतं. परीक्षेच्या दिवशी ठरवलं होतं, आज जाऊन समोर वाचून दाखवते सगळं, यादीसकट. पण मग चीज मध्ये आलं. आपल्या दुमयात शहराचं पांढरं चीज — मी या चीजवर वाढले, मुलीला पहिला घास याचा दिला, आणि रक्तदाब निघाल्यापासून मला ते बंद. का, तर हाजींनी वाचलं होतं. "मीठ — अगं, इथे सोडियम लिहिलंय, सोडियम म्हणजे मीठच, चार हजार. समुद्र ओतलाय यात." लोणच्याच्या बरणीवर, "नऊ हजार." मी अडीच वर्षं हात लावला नाही. तर परीक्षेहून येताना मी गिर्गिसकडे थांबले, सहज चीजचं पाकीट उलटं केलं. चारशे. चार हजार नाही, चारशे. सफीनाझ बाईंनी शिकवलं होतं, सोडियमला अडीचने गुणायचं की मीठ येतं — गुणलं, हजार मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम. म्हणजे थोडं खायला काही हरकत नव्हती. लोणचं नऊशे. सगळीकडे एक शून्य जास्त. मी तिथेच उभी राहिले, पाकीट हातात. ते माझ्याशीही खोटं बोलत होते, पण उलटं. स्वतःच्या साखरेतलं शून्य काढायचं आणि माझ्या मिठाला लावायचं. स्वतः मरायला निघाले होते आणि मला मात्र… जाऊ दे.

बघ, तुला एक सांगते, हे कुठे लिहू नकोस. आमचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली. चाळीस वर्षं हा माणूस कारखान्यातून यायचा, जेवायचा, रेडिओ लावायचा. वाईट नाही, मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण माझ्याशी बोलायचं काय, हे त्यांना कधी सुचलंच नाही. आणि आता रोज संध्याकाळी अर्धा तास माझ्याजवळ बसतात. खुर्ची माझ्याकडे ओढून. पाकीट आमच्या दोघांच्या मध्ये धरतात, बोट फिरवतात, मला सगळं समजावून सांगतात — चिमणी, समुद्र, घोडा. खोटं सांगतात, पण मला सांगतात. मी प्रमाणपत्र भिंतीला लावलं की ते चष्मा काढून ठेवतील. म्हणतील, आता तूच वाच. मी वाचेन गं. एकटी. म्हणून नको मला. लोणचं मी खाते, ते कारखान्यात गेले की बाल्कनीत बसून, चारच फोडी, गुणाकार करून. संध्याकाळी तीच बरणी वाचायला देते. नऊ हजार म्हणतात. म्हणू देत.

सही? हो, सही करते की. घेतलं नाही, नको म्हणाले, असं लिहिलंय ना? दाखव. नाही, तू नको वाचून दाखवूस, मला एकच वाचणारा पुरे. फाईल इकडे दे. हां — इन्शिराह, वय एकोणसाठ, राहणार… बरोबर. शंभरपैकी एकसष्ट गुण. कमी का? निबंधाला. निबंध होता नदीवर, मी नाईलवर दोन ओळी लिहिल्या आणि मग पाण्याच्या बाटलीवर काय लिहिलेलं असतं ते लिहिलं. आणि ही चिठ्ठी कसली, टाचून ठेवलीय ती? हे अक्षर — हे शेवटाला शेपूट असं कोण काढतं, खुर्चीच्या पायासारखं वळवून… थांब. थांब जरा. "मॅडम. माझी बायको… इन्शिराह… शनिवारपासून तुमच्या वर्गात येते. तिला लांबचं… दिसत नाही. ती सांगणार नाही. तिला पहिल्या… बाकावर बसवा. मी येऊन गेलो हे तिला… कळू देऊ नका. हसनैन, सुतार."

तारीख वाच. नको, मला येते. सात. शनिवारी तीन तारीख होती. म्हणजे पहिल्याच आठवड्यात.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी मला पुढे बसवलं होतं. मला वाटलं, हुशार दिसले असेन.

मग गुडघे. मग मोठे तीळ. सुक्करवर बोट ठेवून… आणि तो डबा. घोड्याचा तोबरा. पाणी प्यायले आणि म्हणाले, अजून एक वडी दे.

नाही, काही होत नाही मला. चहा राहू दे. तू ऊठ आता. तुझी ओढणी नको, रुमाल दे तो, ओट्यावरचा. ऐक, तू खाली जा, डावीकडे वळ, रोगणाचा वास येईल तिकडे जा, तिसरं दार. पांढऱ्या मिशा, कानावर पेन्सिल. ते प्रमाणपत्र त्यांच्या हातात दे. म्हणावं, तुमच्या घरी गेले होते, पण बाईंना वाचता येत नाही, तेव्हा संध्याकाळी तुम्हीच वाचून दाखवा. बाकी एक अक्षर बोलू नकोस, चिठ्ठीचं तर नाहीच. हसूही नकोस, तुला येत नाही लपवता, मी मघापासून बघतेय. मला एकसष्ट आहेत. बघू किती वाचतात ते. जा, दार ओढून घे.